खलपुरुषाचे नाव व वाणी : ब्रोलीच्या पुनर्घटनेचा इतिहास (१९९३–२०१८)

१

लोकप्रिय कथामालिकांतील खलपुरुषास बहुधा पूर्वेतिहास नसतो. नायकाचे सामर्थ्य कसोटीस लागावे एवढ्याच प्रयोजनाने तो कथेत येतो आणि ते प्रयोजन संपताच तिच्यातून नाहीसा होतो. त्याच्या दुष्टतेस कारण द्यावेच लागले, तर ते एका वाक्यात दिले जाते. आणि ते वाक्य पटण्यासारखे असावे असा आग्रह वाचक वा प्रेक्षक सहसा धरीत नाहीत. परंतु असा एखादा खलपुरुष निर्मात्यांच्या अपेक्षेबाहेर लोकांच्या स्मरणात टिकून राहिला आणि वीसपंचवीस वर्षांनी त्याच कथामालिकेस त्याच्याकडे पुन्हा वळावे लागले, म्हणजे प्रश्न बदलतो. पूर्वी जेथे एक वाक्य पुरले होते तेथे आता कारणपरंपरा द्यावी लागते. जुन्यापैकी काय ठेवले जाते, काय टाकले जाते आणि ह्या फेरबदलात दोषाचा भार कोणाकडून कोणाकडे जातो, हा कथनेतिहासाच्या अभ्यासाचा विषय होय.

जपानमधील ‘ड्रॅगन बॉल’ ह्या कथामालिकेतील ब्रोली हा खलपुरुष ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १९९३ साली तो प्रथम चित्रपटात अवतरला. २०१८ साली ‘ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली’ ह्या चित्रपटात त्याची पुनर्घटना झाली. ह्या दोन चित्रपटांमधील अंतर केवळ चित्रणतंत्राचे नाही. त्यांतील कथावस्तू बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, ब्रोलीची पुनर्घटना प्रामुख्याने भाषेच्या पातळीवर झाली आहे. पहिल्या ब्रोलीजवळ मुख्यतः एका नावाची आरोळी होती. दुसऱ्याला वाणी मिळाली. आणि ज्या नावाची ती आरोळी होती, ते नाव दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस, ज्याचे ते होते त्यानेच त्याच्यापुढे स्वेच्छेने ठेवले. प्रस्तुत लेखात ह्या स्थित्यंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

प्रथम कथामालिकेची रूपरेषा पाहणे आवश्यक आहे. अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) ह्यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा – जपानी परिभाषेत ‘मांगा’ – ‘शोनेन जंप’ ह्या साप्ताहिकात १९८४ पासून १९९५ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची एकूण ५१९ प्रकरणे असून ती ४२ खंडांत संग्रहित आहेत. तोएई ह्या निर्मितिसंस्थेने तिच्यावरून १९८६ पासून दूरचित्रवाणीसाठी ‘ॲनिमे’, म्हणजे जपानी चलच्चित्रमालिका, काढली. आणि मालिका चालू असतानाच शाळांच्या सुट्ट्यांच्या सुमारास दाखविण्यासाठी छोटे चित्रपटही काढण्याचा परिपाठ पडला. मूळ चित्रकथा दर आठवड्यास पुढे सरकत असल्याने चित्रपटांतील घटना तिच्या ओघात बसतीलच असे नव्हते. बहुधा त्या बाजूला राहत. आणि म्हणून ह्या चित्रपटांतील खलपुरुषांना मूळ कथेत स्थान नसे.

कथानायक गोकू ह्याला दोन नावे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनास महत्त्वाची आहे. ‘सोन गोकू’ हे नाव ‘सुन वुकोंग’ ह्या चिनी नावाचा जपानी उच्चार होय. सोळाव्या शतकातील ‘शी-यू-ची’ ह्या चिनी कादंबरीतील हा वानरवीर. धर्मग्रंथांच्या शोधात भारताकडे निघालेल्या भिक्षूचा तो सोबती. आणि त्या भिक्षूच्या पाठीशी असलेली ऐतिहासिक व्यक्ती म्हणजे ह्युएन त्संग, ज्याने सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवले. ‘गोकू’ ह्या दोन चिन्हांचा शब्दशः अर्थ ‘शून्याचा बोध झालेला’ असा आहे. नायकाचे हे नाव पृथ्वीवर त्याला वाढविणाऱ्या वृद्धाने दिलेले. जन्माने मात्र तो ‘सायाजिन’ ह्या परग्रहावरील लढवय्या वंशातला असून त्याचे जन्मनाव ‘काकारोट’ (जपानी उच्चारात ‘काकारोत्तो’) आहे.

हे दुसरे नाव तोरियामांच्या नामकरणपद्धतीचा नमुना होय. ‘यासाइ’ म्हणजे जपानी भाषेत भाजी. तिच्या घटकांचा क्रम उलटून ‘साइया’ हा वंशवाचक शब्द सिद्ध झाला. ‘जिन’ म्हणजे मनुष्य. त्या वंशातील व्यक्तींची नावे भाज्यांवरून आली आहेत : काकारोट हे इंग्रजी ‘कॅरट’वरून, वेजिटा हे ‘व्हेजिटेबल’वरून, ब्रोली हे ‘ब्रोकोली’वरून, त्याचा पिता पॅरागस हा ‘ॲस्परॅगस’वरून. गोकूची माता गिने हिचे नाव ‘नेगी’ म्हणजे पातीचा कांदा हा शब्द उलटून झाले आहे. वंशाचा वैरी फ्रीझा हा शीतपेटीवरून, तर त्याच्या पदरचे सैनिक बहुतांशी शीतपेटीत ठेवावयाच्या फळांवरून व दुग्धजन्य पदार्थांवरून नावे मिळवितात. २०१८ च्या चित्रपटातील लेमो म्हणजे लिंबू. किकोनो म्हणजे ‘किनोको’ (अळंबी) ह्यातील अक्षरांचा व्यत्यास. आणि चिराई म्हणजे ‘राइची’ (लिची) ह्या फळाच्या नावाचा व्यत्यास. हा व्यत्यास अक्षरांच्या पातळीवर होतो, सुट्या व्यंजनस्वरांच्या पातळीवर होत नाही. मराठी मुलांच्या ‘च’च्या भाषेत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी जाते, तेथील व्यापारही ह्याच जातीचा आहे.

ह्या नामकरणातील विनोद उघड आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ह्या जगात जन्मनाव हे वंशाची खूण ठरते. नाव ऐकताच व्यक्ती कोणत्या पक्षाची, हे कळते. गोकू ‘काकारोट’ हे नाव प्रारंभी नाकारतो, आणि त्याला त्याच नावाने हाक मारण्याचा आग्रह मुख्यतः त्याच वंशातील राजपुत्र वेजिटा धरतो, ह्याचे मर्म येथे आहे. एक नाव संगोपनाचे, दुसरे रक्ताचे. सबंध कथामालिकेत ह्या दोहोंचा झगडा चालू असतो.

३

६ मार्च १९९३ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे दिग्दर्शन शिगेयासु यामाउची ह्यांचे व पटकथा ताकाओ कोयामा ह्यांची होती. तोरियामा ह्यांनी पात्राची आकृती रेखाटून दिली होती. ह्या चित्रपटातील ब्रोली जन्मतःच १०,००० इतके युद्धबल घेऊन आलेला आहे. भावी संकट ओळखून राजा त्या अर्भकाच्या वधाची आज्ञा देतो. पिता पॅरागस दयेची याचना करतो, पण ती फेटाळली जाते. अर्भकास भोसकून पित्यासह टाकून देण्यात येते. तरीही मूल जगते, पित्याला वाचविते, आणि मोठेपणी इतके अनावर होते की, पिताच त्याच्या मस्तकावर नियंत्रक कडे चढवून त्याला सूडाचे साधन बनवितो.

इतका पूर्वेतिहास हाती असताना चित्रपटाने त्याच्या वैराचे कारण मात्र दुसरेच दिले. अर्भकावस्थेत शेजारच्या पाळण्यात काकारोट रडत असे आणि त्या रडण्याने ब्रोलीच्या मनावर कायमचा आघात झाला, हे ते कारण. वधाची आज्ञा देणारा राजा आणि कडे चढविणारा पिता हे दोघेही सुटतात. दोषी ठरतो तो रडणारा शेजारी. रसिकांत ह्या कारणाची पुढे पुष्कळ थट्टा झाली, आणि ती अस्थानी नव्हती. कार्य प्रचंड आणि कारण क्षुल्लक, अशी ही विसंगती होती.

भाषेच्या दृष्टीने पाहता चित्र अधिक स्पष्ट होते. पित्याच्या नियंत्रणात असताना हा ब्रोली मृदू व अल्पभाषी असतो. गोकूला पाहताच तो अस्वस्थ होतो आणि नियंत्रण तुटल्यावर ‘काकारोट’ ही आरोळी त्याच्या मुखी वारंवार येते. अन्य वाक्ये तो उच्चारतो, परंतु ती बहुतेक धमकावणीची. १२ मार्च १९९४ रोजी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात ही वाणी आणखी आटली. तेथे गोकूच्या धाकट्या मुलाच्या रडण्याने तो बर्फातून जागा होतो, त्या मुलालाच काकारोट समजतो आणि जवळजवळ त्या एका नावावाचून काही बोलत नाही. ९ जुलै १९९४ रोजी आलेल्या तिसऱ्या चित्रपटात तर तो स्वतःही उरला नाही : त्याच्या रक्तापासून प्रयोगशाळेत तयार केलेली, वितळत जाणारी एक प्रतिकृती तेवढी आहे, आणि तिच्यापाशी वाणी म्हणण्यासारखे काही नाही. दीड वर्षांच्या आत एक पात्र वाक्यापासून शब्दापर्यंत आणि शब्दापासून गर्जनेपर्यंत उतरत गेले.

येथे भारतीय नाट्यशास्त्रातील एक निकष उपयोगी पडतो. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे देताना त्याला लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापी व व्यसनी म्हटले आहे. लोभ हे त्यांतले पहिले लक्षण आहे, ही बाब नजरेआड करण्याजोगी नाही. प्रतिनायकास काहीतरी हवे असावे लागते. त्या हवेपणामुळे त्याचा नायकाशी विरोध अर्थपूर्ण होतो. १९९३ च्या ब्रोलीला राज्य नको, संपत्ती नको, कीर्ती नको. सूडाची इच्छाही पित्याची, त्याची नव्हे. म्हणजे शास्त्रार्थाने तो प्रतिनायक ठरतच नाही. तो एक उत्पात ठरतो. वादळाला ज्याप्रमाणे हेतू नसतो, त्याप्रमाणे त्यालाही नाही. त्याच्या भीषणतेचे रहस्य ह्यातच होते, आणि त्याच्या रिक्ततेचेही.

४

असे असूनही ब्रोली लोकांच्या मनातून गेला नाही. व्हिडिओ खेळांतून, खेळण्यांतून व चित्रांतून तो जपानमध्ये व जपानबाहेर वावरत राहिला. हे टिकणे आकृतीच्या बळावर होते. कथेचा त्यात वाटा थोडा. प्रचंड देह, बुबुळे नाहीशी झालेले डोळे, हिरवट तेजाची प्रभा, एवढी सामग्री स्मरणास पुरेशी होती.

दरम्यान खुद्द तोरियामा कथेकडे परतले होते. २००९ साली हॉलिवूडने काढलेला सजीव नटांचा चित्रपट निराशाजनक ठरल्यानंतर त्यांनी २०१३ व २०१५ साली आलेल्या दोन ॲनिमे चित्रपटांच्या कथेत प्रत्यक्ष लक्ष घातले. २०१५ ते २०१८ ह्या काळात ‘ड्रॅगन बॉल सुपर’ ही मालिका १३१ भागांत दाखविली गेली. २०१७ मध्ये त्या मालिकेत केल नावाची एक युवती दुसऱ्या विश्वातील सायाजिन म्हणून येते. लाजाळू स्वभावाच्या ह्या मुलीचे क्रोधात रूपांतर झाले की ती अनावर होते, आणि तिचे ते रूप उघडपणे ब्रोलीवर बेतलेले आहे. तिचे नावही एका पालेभाजीचे आहे, हे सांगणे नलगे. ब्रोलीची आकृती मूळ कथेच्या अंगणात प्रथम ह्या मार्गाने आली. तिच्याबरोबर एक नवी कल्पनाही आली, ती अशी की, अनावर सामर्थ्य आणि भित्रे मन एकाच व्यक्तीत नांदू शकतात.

२०१८ मध्ये नव्या चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हा तोरियामा ह्यांनी दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, ब्रोलीची आकृती आपण रेखाटली होती, परंतु त्याच्या कथेचा आपल्याला जवळजवळ विसर पडला होता. देशी व परदेशी रसिकांत तो अद्याप प्रिय असल्याचे संपादकाने सांगितल्यावरून त्याला आणण्याचा विचार झाला. हे कथन ऐतिहासिक दृष्ट्या मोलाचे आहे. निर्मात्याने विसरलेले पात्र वाचकप्रेक्षकांच्या स्मरणाने परत आणले, असा हा प्रसंग होय. विस्मरणाचा एक लाभही झाला : जुन्या कथेचे ओझे नव्या रचनेवर पडले नाही.

५

१४ डिसेंबर २०१८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली’ हा चित्रपट तात्सुया नागामिने ह्यांनी दिग्दर्शित केला. पटकथा तोरियामांची, व्यक्तिचित्रण नाओहिरो शिंतानी ह्यांचे. शिंतानींनी आकृत्यांतील रेषा कमी व लवचीक केल्या. देहाला पूर्वीच्या कठीण चकाकीऐवजी हालचालीचा सैलपणा दिला. जगभरात मिळून चित्रपटास सुमारे १२ कोटी डॉलरचे उत्पन्न झाले. ह्या यशाची चर्चा युद्धदृश्यांच्या अनुषंगाने पुष्कळ झाली आहे. पण पुनर्घटनेचे खरे काम चित्रपटाच्या पूर्वार्धात झाले आहे.

कथेचा आरंभ ४१ वर्षांपूर्वीच्या घटनांनी होतो. फ्रीझा सायाजिनांच्या ग्रहावर येतो, त्यांचा नवा धनी म्हणून आपला परिचय करून देतो आणि युद्धबल मोजणारी नवी उपकरणे वाटतो. लगेच पुढच्या दृश्यात राजाला आपल्या पुत्रापेक्षा अधिक बलाची नोंद दाखविणारे एक मूल आढळते. ते मूल म्हणजे ब्रोली. राजा त्याला वाम्पा नावाच्या उजाड ग्रहावर धाडतो. पॅरागस त्याच्यामागे जातो, पण त्याचे यान निकामी होते आणि पितापुत्र तेथेच अडकतात. बरोबर आलेल्या सोबत्याला पॅरागस ठार करतो, कारण अन्न तिघांना पुरणारे नाही.

जुन्या कथेतील रडण्याचा प्रसंग येथे संपूर्णपणे गळला आहे. मोजमाप मात्र राहिले आहे, आणि त्याला आता राजकीय संदर्भ आला आहे. १९९० साली दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या बार्डॉकच्या कथेत अर्भक काकारोटचे युद्धबल अवघे २ होते. १९९३ च्या चित्रपटात ब्रोलीचे १०,०००. ह्या दोन आकड्यांवर दोन आयुष्यांची वाट ठरली. नव्या चित्रपटात मोजणारे उपकरण परक्या सत्ताधीशाने दिलेले आहे, आणि त्या उपकरणावर विसंबून आपल्याच प्रजेतील मुलाला हद्दपार करणारा राजा स्वतः त्या सत्ताधीशाचा अंकित आहे. पराधीन राजाची असूया एका मुलाच्या हद्दपारीतून व्यक्त होते. येथे दुष्टतेचे कारण अर्भकाच्या स्वभावातून काढून राज्यव्यवस्थेत ठेवले गेले, हा पुनर्घटनेचा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पा पित्यांच्या तुलनेचा आहे. तोरियामांनी २०१४ साली लिहिलेल्या एका छोट्या प्रकरणात गोकूचे आईबाप बार्डॉक व गिने हे संकटाची चाहूल लागताच मुलाला पृथ्वीकडे पाठवितात. १९९० च्या कथेतील बार्डॉक मुलाविषयी उदासीन होता. २०१४ चा बार्डॉक त्याला वाचविण्यासाठी दूर करतो. ही नवी हकीकत चित्रपटात घेतली आहे, आणि ती पॅरागसच्या हकीकतीशेजारी ठेवल्यामुळे दोहोंचा अर्थ पालटतो. पॅरागसनेही मुलासाठी सर्वस्व सोडले; तो मुलाच्या पाठोपाठ निर्वासनात गेला. आरंभी त्याचे कृत्य बार्डॉकच्या कृत्याहून अधिक धैर्याचे आहे. परंतु बार्डॉक मुलाला सोडून देतो म्हणून मूल मुक्त होते. पॅरागस मुलाला धरून ठेवतो म्हणून मूल शस्त्र होते. वात्सल्यापासून सूडापर्यंतचा हा उतार चित्रपटाने फार थोड्या दृश्यांत दाखविला आहे, आणि त्याचे चिन्ह म्हणजे ब्रोलीच्या गळ्यातील विद्युत्-आघात देणारा पट्टा. जुन्या चित्रपटातील मस्तकावरचे कडे गळ्यात उतरले. गळा हे वाणीचे स्थान आहे.

६

तिसरा टप्पा वाणीचा. फ्रीझाच्या सैन्यासाठी लढवय्ये शोधीत फिरणारे चिराई व लेमो हे दोघे वाम्पावर पोचतात व पितापुत्रांना घेऊन येतात. हे दोघे सामान्य चाकर आहेत. युद्धबलाच्या मोजमापात त्यांना काही किंमत नाही. यानावर एक मद्यधुंद शिपाई चिराईची छेड काढतो, तेव्हा ब्रोली त्याच्यावर तुटून पडतो आणि पॅरागस आघाताची कळ दाबून त्याला लोळवितो. चिराई ती कळ चोरून नष्ट करते. त्यानंतर तिघे एकत्र बसतात, ब्रोलीला खाणेपिणे दिले जाते, आणि तो बोलू लागतो.

हे बोलणे कसे आहे, ते पाहण्यासारखे आहे. वाक्ये आखूड, मध्ये थांबे, शब्दांची निवड मुलासारखी. पित्यावाचून ज्याने कोणाशी संभाषणच केले नाही, त्याची भाषा अशीच असणार. आणि ह्या बाबतीत चित्रपटाने भाषार्जनाच्या सामान्य नियमाशी इमान राखले आहे. त्याच्या कंबरेस हिरव्या केसांचे एक कातडे बांधलेले असते. चिराई त्याविषयी विचारते, तेव्हा तो वाम्पावरील एका अजस्र प्राण्याची हकीकत सांगतो. त्याचे हल्ले चुकवीत असता त्या प्राण्याशी त्याची मैत्री जमली होती. मैत्रीने मुलाचे शिक्षण बिघडेल, म्हणून पित्याने प्राण्याचा कान उडविला. त्यानंतर तो प्राणी पुन्हा मित्र झाला नाही. ब्रोलीने तो कान जपून ठेवला.

प्राण्याचे नाव ‘बा’. मराठी वाचकास ह्या अक्षरात पितृवाचक जुना शब्द ऐकू येईल. हे केवळ ध्वनिसाम्य असून त्यावर काही उभारणे शास्त्रास धरून होणार नाही. एवढे मात्र निश्चित की, ह्या ब्रोलीला जे नाव प्रिय आहे ते मित्राचे आहे. काकारोटविषयी त्याला वैर नाही, किंबहुना त्याची ओळखही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी शत्रूचे नाव होते, त्या ठिकाणी आता गमावलेल्या मित्राचे नाव आले. ‘काकारोट’ ही जुनी आरोळी ह्या चित्रपटात पार्श्वसंगीताकडे गेली आहे : युद्धप्रसंगी समूहस्वरात लढवय्यांची नावे उच्चारली जातात. जे एका पात्राचे वेड होते ते आता घोषगीत झाले. आवाजाची सातत्यरेषा मात्र तुटलेली नाही. १९९३ प्रमाणे २०१८ मध्येही ब्रोलीचा आवाज बिन शिमादा ह्यांचाच आहे. त्याच कंठातून आरोळी व कथन ही दोन्ही निघाल्याने जुन्या प्रेक्षकास बदल तीव्रतेने जाणवतो.

७

ह्यानंतरचा भाग युद्धाचा आहे, आणि टीकाकाराने येथे संकोच न करता एक उणीव नोंदविली पाहिजे. पृथ्वीच्या हिममय प्रदेशात युद्ध सुरू झाले की ब्रोलीची नुकतीच मिळालेली वाणी पुन्हा लोपते. फ्रीझा त्याचा क्रोध चेतविण्यासाठी पॅरागसला ठार करतो व ते काम भरकटलेल्या अस्त्राचे असल्याचे भासवितो. ज्या पित्याने त्याला पट्ट्यात जखडले होते, त्याच्याच मृत्यूने ब्रोलीचा शोक अनावर व्हावा, ही कल्पना मनुष्यस्वभावास धरून आहे. परंतु त्या शोकास शब्द मिळत नाहीत. दीर्घकाळ गर्जनाच चालते. गोकू व वेजिटा एकरूप होऊन ‘गोगेटा’ हा तिसरा योद्धा निर्माण करतात. नावांच्या ह्या संधीतही प्रत्येकाचा एकेक तुकडा शिल्लक राहिला आहे. पण त्या योद्ध्यापुढे ब्रोली पुन्हा १९९३ चा उत्पात होतो. दृश्यसौंदर्य कितीही असले तरी पूर्वार्धाने दिलेल्या आश्वासनाच्या मानाने उत्तरार्ध निःशब्द आहे.

तथापि शेवट ह्या उणिवेची काही भरपाई करतो, आणि ती इच्छेच्या मार्गाने. सात गोलकांनी प्रकट होणारा नाग मागेल ते देतो, हे कथामालिकेचे मूळ सूत्र. ह्या चित्रपटात गोलकांच्या शोधात निघालेल्यांच्या इच्छा क्षुल्लक आहेत : फ्रीझाला आपली उंची ५ सेंटिमीटरने वाढवून हवी आहे, बुल्मा ह्या शास्त्रज्ञ स्त्रीला ५ वर्षांनी तरुण दिसावयाचे आहे. ब्रोलीला ह्याही खेपेस काही नको आहे. तो मरणाच्या दारी असताना चिराई नागापाशी त्याच्यासाठी मागणे मागते : त्याला त्याच्या ग्रहावर परत पाठवावे. गोलकांचा उपयोग झाला तो एवढाच. ज्याला स्वतःची इच्छा नव्हती त्याच्या वतीने दुसऱ्याने इच्छा केली, आणि त्यामुळे तो वाचला. प्रतिनायकाच्या लक्षणातील लोभ जेथे रिकामा होता, तेथे परोपकार येऊन बसला. १९९३ मध्ये हेच रितेपण त्याच्या भीषणतेचे मूळ होते. २०१८ मध्ये ते त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा झाले.

अखेरीस गोकू वाम्पावर जातो. अन्न व निवाऱ्याचे सामान देतो, पुन्हा कधीतरी लढण्याची इच्छा बोलून दाखवितो. नाव विचारले जाते, तेव्हा तो आधी गोकू असे सांगतो आणि त्याला जोडून काकारोट असेही सांगतो. एरवी हे दुसरे नाव त्याने क्वचितच आपणहून घेतले आहे. संगोपनाचे नाव व रक्ताचे नाव ह्यांचा झगडा ह्या एका उत्तरात शमतो. ज्याला वंशाने टाकले आणि पित्याने वापरले, त्या ब्रोलीपुढे वंशाची खूण म्हणून नव्हे तर आप्तपणाची खूण म्हणून ते नाव ठेवले जाते. १९९३ मध्ये ते नाव ब्रोलीने हिसकावून घेतल्यासारखे उच्चारले होते. २०१८ मध्ये ते त्याला दिले गेले.

८

ह्या पुनर्घटनेने काही गमावलेही आहे. जुन्या ब्रोलीची निष्कारण भीषणता ही एक प्रकारची शुद्ध भीती होती. कारण कळल्यावर तशी भीती उरत नाही. ज्यांना तो उत्पात म्हणूनच प्रिय होता त्यांना नवा ब्रोली सौम्य वाटला, तर त्यात नवल नाही. खलपुरुषास पूर्वेतिहास देणे हे नेहमीच त्याला अंशतः मुक्त करणे असते, आणि प्रत्येक खलपुरुष मुक्त करण्याजोगा नसतो. ह्याच चित्रपटाने फ्रीझाला अशी सवलत दिलेली नाही, हे त्याच्या विवेकाचे लक्षण मानले पाहिजे. फ्रीझाचा पिताही दाखविला आहे, त्याचे बालपण सूचित केले आहे. परंतु त्याच्या क्रौर्याचा भार त्याच्याच माथी ठेवला आहे. दोघांत भेद एवढाच की, फ्रीझाला सदैव वाणी होती, इच्छा होती आणि निवड होती. ज्याला ह्या तिन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या, त्याचा न्याय वेगळ्या मापाने करावा लागतो.

जून २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ड्रॅगन बॉल सुपर : सुपर हीरो’ ह्या पुढील चित्रपटात ब्रोली चिराई व लेमो ह्यांच्या संगतीत, गोकू व वेजिटा ह्यांच्या सान्निध्यात राहून आपल्या सामर्थ्यास आवर घालण्याचा अभ्यास करताना दिसतो. गळ्यात पट्टा नाही. जे काम पूर्वी आघाताच्या भीतीने करविले जात होते, ते आता तो सहवासात राहून शिकत आहे. कथेतील त्याचे स्थान अद्याप दुय्यम आहे आणि त्याचे बोलणे अद्याप थोडे आहे. परंतु त्याच्याशी बोलणारी माणसे आता त्याच्याभोवती आहेत, आणि भाषा येण्यास आरंभी एवढे पुरते.